ब्रेकचे पॅड घरी बदलताना

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ नावाची एक जर्मन स्त्री आपल्या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन, पतीने तयार केलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइम गावाहून फोर्झहाइम येथील आपल्या माहेरी निघाली. शंभर किलोमीटरांहून किंचित लांब असा हा प्रवास मोटारीने केलेला जगातील पहिला लांबचा प्रवास समजला जातो. वाटेतील चढणींवर मुलांना गाडी ढकलावी लागली. परंतु उतारांवर निराळीच अडचण उभी राहिली. चाकांना थोपवणारे ठोकळे झिजत चालले होते. तेव्हा बर्थाबाईंनी वाटेतल्या एका गावी जोडे शिवणाऱ्या कारागिराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना अशी भर रस्त्यात जन्माला आली.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय या घटनेत बीजरूपाने आलेला आहे. गाडी थांबवावयाची म्हणजे काहीतरी झिजणारच. जे झिजावयाचे ते चाकापासून व मूळ यंत्रणेपासून वेगळे असले आणि सुटे काढून बदलता आले, तर बाकी सर्व वाचते. आजच्या मोटारीतील ब्रेकचा पॅड म्हणजे त्या चामड्याच्या तुकड्याचाच वंशज होय. तो घरी बदलता येतो. पाने चालवण्याचे हे काम एका सुटीच्या सकाळी आटोपते आणि त्याला फारशी ताकदही लागत नाही. मात्र या कामात एक क्षण असा आहे की, तेथे चूक झाली तर गाडी थांबतच नाही. तो क्षण कोठे येतो आणि का येतो हे समजले नसेल, तर घरी पॅड बदलू नयेत.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक हे वस्तुतः उष्णता निर्माण करणारे यंत्र आहे. धावत्या गाडीच्या अंगी असलेली गतिज ऊर्जा नाहीशी करता येत नाही, फक्त तिचे रूप पालटता येते. आणि ब्रेक तिचे रूपांतर उष्णतेत करतो. एक हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या ठायी सुमारे १ लाख ३९ हजार जूल ऊर्जा असते. चारशे ग्रॅम थंड पाण्याला, म्हणजे जवळजवळ दोन पेले पाण्याला, उकळी फुटण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे. अशा गाडीला चार-पाच सेकंदांत थांबवणे म्हणजे तेवढ्याच वेळात दोन पेले पाणी उकळवणे होय. कोणत्याही घरातील शेगडीला हे साधणार नाही.

वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी न होता चौथाई होते. ताशी ३० किलोमीटरवरून चार वेळा थांबणे आणि ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबणे, ही पॅडच्या दृष्टीने स्थूलमानाने सारखीच. या नियमाचा प्रत्यय बेंगळुरू शहरात दोन प्रकारांनी येतो.

पहिला प्रकार शहराच्या आतला. वाहतुकीचे मापन करणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२३ सालच्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २८ मिनिटांहून अधिक वेळ लागतो असे आढळले. हा वेग चांगल्या सायकलस्वारासही गाठता यावा. इतक्या कमी वेगात प्रत्येक थांबण्याची उष्णता थोडी असते. पण सिल्क बोर्डचा चौक किंवा हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडताना गाडी किती वेळा हलते आणि किती वेळा थांबते याची गणती कोणी ठेवत नाही. त्यात गल्लोगल्लीच्या गतिरोधकांची भर पडते. म्हणूनच “पॅड किती किलोमीटर टिकतात?” हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. महामार्गावर धावणाऱ्या गाडीचे पन्नास हजार किलोमीटर आणि बाह्य वर्तुळमार्गावर रोज कचेरीस जाणाऱ्या गाडीचे पन्नास हजार किलोमीटर यांची तुलनाच होऊ शकत नाही. पॅडची जाडी मोजणे हाच खरा उपाय.

दुसरा प्रकार शहराबाहेरचा. उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेला नंदी पर्वत समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंच आहे, आणि माथ्यावरून पायथ्याच्या पठारापर्यंत येताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली उतरते. त्या उतारात आपल्या हजार किलोग्रॅमच्या गाडीची ४९ लाख जूल ऊर्जा खर्ची पडावी लागते. म्हणजे ताशी ६० किलोमीटरवरून पस्तीस वेळा थांबण्याएवढी. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकत असल्याने पुढच्या चाकांवर सुमारे सत्तर टक्के काम पडते असे धरू. मग प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला सतरा लाख जूल येतात. चार किलोग्रॅम वजनाच्या बिडाच्या डिस्कमध्ये ही सारी उष्णता साठून राहिली, तर तिचे तापमान नऊशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा तिला सतत थंड करीत असतो आणि शहाणा चालक खालच्या गिअरमध्ये उतरून बराचसा भार इंजिनावर टाकतो, म्हणून असे घडत नाही. परंतु नंदीच्या वळणांवर, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांपाशी जळका वास का येतो हे या आकड्यावरून उमगेल.

ड्रमपासून डिस्कपर्यंत

भारतीय वाचकांच्या परिचयाच्या ॲम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्या दीर्घकाळ चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊनच धावल्या. ड्रम ब्रेकमध्ये अस्तर लावलेले दोन अर्धचंद्राकृती शू बंद डब्याच्या आत फाकतात. बंद डब्यातली उष्णता बाहेर पडण्यास वाट नसते, हा त्यातला दोष. डिस्क ब्रेकमध्ये उघड्यावर फिरणारी चकती दोन बाजूंनी चिमटीत धरली जाते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु ती लोकमान्य होण्यास अर्धे शतक जावे लागले. १९५३ साली फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली आणि १९५५ साली सित्रोएन कंपनीने आपल्या डीएस या गाडीच्या पुढच्या चाकांना ते बसवले, तेव्हा कोठे हा प्रश्न निकालात निघाला. आज आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढे जे सांगितले आहे ते या पुढच्या डिस्कसंबंधी आहे.

चकतीला चिमटीत धरणाऱ्या भागास कॅलिपर म्हणतात. लहान गाडीच्या कॅलिपरमध्ये सामान्यतः एकच पिस्टन असतो, आणि तोही आतल्या बाजूस. पेडल दाबले की द्रवाच्या दाबाने पिस्टन बाहेर येतो व आतला पॅड चकतीवर टेकवतो. मग प्रतिक्रिया म्हणून सबंध कॅलिपर आपल्या दोन पिनांवर विरुद्ध दिशेस सरकतो आणि बाहेरचा पॅडही चकतीवर आणून भिडवतो. या दोन पिना निर्वेध सरकणे हे कॅलिपरचे अर्धे आरोग्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पॅड झिजू लागले की पिस्टन दर वेळी किंचित पुढे राहतो, पूर्वीच्या जागी परतत नाही. एकच पिस्टन असल्यामुळे दोन्ही पॅडची झीज त्यालाच भरून काढावी लागते. नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याची जाडी साधारण १० मिलिमीटर धरली आणि दोन्ही पॅड ३ मिलिमीटरवर आले असे समजले, तर पिस्टन १४ मिलिमीटर पुढे आलेला असतो. त्याच्यामागे रिकामी झालेली जागा ब्रेकच्या द्रवाने भरते, आणि बॉनेटखालच्या टाकीतील पातळी तेवढ्याने उतरते. म्हणजेच टाकीतील पातळी हळूहळू खाली जाणे हे पुष्कळदा गळतीचे नव्हे तर झिजेचे चिन्ह असते. ती पाहून कोणी उत्साहाने टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवतेवेळी पिस्टन मागे ढकलला की तेच द्रव उतू जाते आणि गाडीचा रंग उडवते.

केव्हा बदलावे

घर्षणद्रव्य ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलावेत. अनेक पॅडांना धातूची एक बारीक पट्टी असते. झीज मर्यादेपर्यंत पोहोचली की ती चकतीवर घासून बारीक किंचाळल्यासारखा आवाज करते. हा आवाज म्हणजे सूचना होय. त्यानंतर लोखंडावर लोखंड खरवडल्याचा जाड आवाज येऊ लागला तर सूचनेची मुदत संपली असे समजावे. आता चकतीही खराब होत आहे. चकतीवर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. चकती त्याहून पातळ झाली असेल, तिच्यावर खोल चरे किंवा तडे दिसत असतील, तर नुसते पॅड बदलून भागत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००१ साली बेंगळुरूत तयार होऊन विक्रीस आलेल्या रेवा या छोट्या गाडीपासूनच वेग कमी होताना मोटरकडून वीज परत मिळवण्याची सोय असे. अशा गाड्यांचे पॅड फार सावकाश झिजतात. पण वापर कमी म्हणून सरकत्या पिना गंजून अडकण्याचा संभव अधिक.

आणि काही कामे घरी करू नयेत. मागील चाकांनाही डिस्क असतील, तर बहुधा हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये असते. तेथे पिस्टन नुसता ढकलून मागे जात नाही, विशिष्ट हत्याराने फिरवत न्यावा लागतो. विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकच्या बाबतीत तर आधी यंत्रणेला दुरुस्तीच्या स्थितीत आणावे लागते. पेडल स्पंजासारखे लागत असेल, चाकाच्या आत ओल दिसत असेल किंवा पिस्टनभोवतीचे रबर फाटले असेल, तर तो पॅडचा आजार नव्हेच. गाडी मिस्त्रीकडे न्यावी, यात कमीपणा नाही.

सुटे भाग मिळण्याचे बेंगळुरूतील जुने ठिकाण म्हणजे टाउन हॉलपासून निघणारा जयचामराजेंद्र मार्ग, लोकांच्या तोंडी जे. सी. रोड. तेथे एकाच गाडीचे चार किमतींचे पॅड मिळतात. निनावी वेष्टनातील पॅड घेण्याचा मोह टाळावा. एक जुना पॅड सोबत नेणे शक्य नसेल, तर गाडीचे प्रारूप व वर्ष लिहून न्यावे; एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षागणिक पॅडचा आकार बदललेला असतो. दोन्ही पुढच्या चाकांचे मिळून चार पॅड एकदम बदलावयाचे असतात. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढली जाते.

प्रत्यक्ष काम

जागा सपाट व टणक हवी. पावसानंतरच्या तांबड्या मातीत जॅक रुतत जातो, आणि इमारतींच्या तळघरातील गुळगुळीत फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी पुष्कळदा उतार दिलेला असतो; तो डोळ्यांना दिसत नाही. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना उटी, म्हणजे अडवणीचा दगड किंवा लाकडी ठोकळा, लावावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागी जॅक लावून ती उचलावी आणि ताबडतोब तिच्याखाली लोखंडी स्टँड द्यावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवण्याची जुन्या मिस्त्र्यांची सवयही उत्तम. गाडी घसरलीच तर ती चाकावर बसते. शरीराचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये, आणि या कामात तशी गरजही पडत नाही.

चाक निघाल्यावर दिसणारी काळी धूळ फुंकू नये, हवेच्या झोताने उडवू नये. विसाव्या शतकात ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरण्याची जगभर प्रथा होती. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर एकेका देशाने ते बंद केले. जुन्या पॅडमध्ये काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी.

एका वेळी एकाच बाजूचे काम हाती घ्यावे, म्हणजे कोणता भाग कसा बसतो याविषयी शंका आल्यास दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की पुष्कळ गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेभोवती वर उचलला जातो. काही गाड्यांत दोन्ही बोल्ट काढावे लागतात. अशा वेळी कॅलिपर तारेने वर टांगून ठेवावा. तो रबरी नळीवर लोंबकळू दिला तर नळीला आतून इजा होते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

निघालेले जुने पॅड फेकून देण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंची झीज सारखी असेल तर कॅलिपर निरोगी आहे. आतला पुष्कळ झिजून बाहेरचा जाड राहिला असेल, तर पिना अडकल्या असण्याचा संभव मोठा. एकच पॅड तिरका झिजला असेल, तर तो आपल्या खाचेत मोकळा हलत नव्हता. या निदानाकडे दुर्लक्ष करून नवे पॅड चढवले, तर तेही त्याच रीतीने झिजतील. पिना काढून पुसाव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीच असलेले सिलिकोनचे ग्रीस लावावे; साध्या ग्रीसने तेथील रबर फुगते. पॅडच्या घासणाऱ्या पृष्ठाला किंवा चकतीला मात्र ग्रीसचा, तेलाचा, बोटांचासुद्धा स्पर्श होऊ देऊ नये.

आता पिस्टन मागे ढकलावयाचा. टाकीचे झाकण सैल करावे, पातळीवर लक्ष ठेवावे, आणि पिस्टनवर जुना पॅड आडवा धरून सुताराच्या शिकंजाने तो सावकाश आत दाबावा. द्रव वर चढू लागेल. उतू जाईलसे वाटले तर थोडे काढून घ्यावे. काढलेले द्रव पुन्हा वापरू नये. ब्रेकचे सामान्य द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ या प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या त्याच द्रवासाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. आणि नंदीसारख्या उतारावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो, कारण द्रव उकळून वाफ झाली की पेडल दाबूनही दाब पोहोचत नाही.

नवे पॅड खाचांत बसवावेत, कॅलिपर खाली आणून बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा, चाक चढवावे, नट हाताने बसवावेत, गाडी खाली घ्यावी आणि मग नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करावेत. दुसऱ्या बाजूसही हेच.

पेडलचा पहिला दाब

काम संपले असे वाटण्याचा हा क्षण. हत्यारे उचलली आहेत, हात काळे झाले आहेत, आणि गाडी बाहेर काढून पाहण्याची घाई झाली आहे. परंतु या वेळी गाडीला ब्रेक नाही.

पाच सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन १४ मिलिमीटर मागे गेला की एकेका चाकापासून सुमारे २७ घन सेंटिमीटर द्रव टाकीकडे परत गेलेले असते. पिस्टन आणि पॅड यांच्यात आता मोकळी जागा आहे. पेडल एकदा दाबल्याने त्याचा फारच थोडा भाग पुढे जातो. म्हणून पहिल्या दाबाला पेडल कसलाही विरोध न करता थेट तळाला टेकते. तीन, चार, क्वचित सात-आठ वेळा सावकाश दाबल्यानंतर पिस्टन पॅडला भिडतात आणि पेडल पायाखाली कठीण होते.

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षांपूर्वी मल्लेश्वरममधील एका उताराच्या गल्लीत ही चूक केली. पॅड निर्दोष बसले होते. नट मोजून आवळले होते. गाडी फाटकातून मागे घेतली, पाय पेडलवर ठेवला, आणि पाय खाली गेला तो गेलाच. हँडब्रेक ओढण्याचे भान राहिले म्हणून समोरच्या घराच्या भिंतीला मागचा बंपर टेकण्यावर निभावले. त्या भिंतीपाशी रोज सकाळी एक फुलवाली बसत असे. त्या दिवशी ती अजून आली नव्हती. तेव्हापासून पॅड बदलण्यापूर्वीच गाडीची किल्ली घरात ठेवण्याची आणि स्टिअरिंगला फडके बांधण्याची सवय लेखकाने लावून घेतली आहे. पेडल कठीण झाल्याशिवाय ते फडके सोडावयाचे नाही.

इंजिन बंद असताना पेडल कठीण होईपर्यंत दाबावे, मग इंजिन सुरू करून पुन्हा पाहावे. इंजिनाच्या साहाय्यामुळे ते किंचित खाली जाईल, पण तळाला टेकता कामा नये. टाकीतील पातळी तपासून झाकण लावावे. त्यानंतर फाटकाच्या आतच, चालण्याच्या वेगाने गाडी पुढे-मागे घेऊन थांबवून पाहावी.

नव्या पॅडचे पृष्ठ आणि जुन्या चकतीचे पृष्ठ सुरुवातीला पूर्णपणे जुळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी ब्रेक थोडे दुबळे भासतात. रविवारी पहाटे, रस्ते रिकामे असताना, मागे कोणी नाही असे पाहून ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून मध्यम दाबाने वेग ताशी १५ पर्यंत आणावा, आणि मधे गाडी थोडी चालू देऊन असे आठ-दहा वेळा करावे. तापलेल्या चकतीवर पॅड दाबून गाडी उभी करून ठेवू नये. पॅडच्या द्रव्याचा एकाच जागी ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरू लागते. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराने ब्रेक लावण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, आणि नंदीची सहल त्यानंतर काढावी. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा पुन्हा पान्याने तपासावेत आणि टाकीतील पातळी पाहून ठेवावी; ती आता पुढचे पॅड झिजेपर्यंत हळूहळू उतरत जाईल.